तेल पाजलेली गाडी

साळूबाईला ऐकू येत नाही, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला सगळं कळतं, हेही ठाऊक होतं. त्यामुळे तिच्यादेखत तिची कुचाळकी करायची कुणाची छाती होत नसे. मुलाच्या, गहिनीनाथच्या, बाळंतपणात तिला ताप भरला. कुणीतरी शहाण्यानं हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांवर गोळ्या चारल्या. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. डाव्या कानाला तोंड लावून कुणी ओरडलं तर आडाच्या तळातून यावं तसं काहीतरी पोचायचं, तेवढंच. बाकीचं ती ओठांवरून ओळखायची, आणि त्यातूनही उरेल ते हातानं ऐकायची. जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला की पीठ जाडं पडतंय का बारीक, हे तिला समजे. पोर तान्हं असताना ते झोपेत रडलं तर आपल्याला कळायचं नाही, या धास्तीनं ती त्याच्या पाठीवर तळवा ठेवून झोपायची.

नवरा सहादेव विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळून गेला, तेव्हा पोर अजून दुडूदुडू धावत होतं. त्यानंतर पोराच्या पाठीवरचा तो तळवा तिनं कधी काढलाच नाही म्हणा ना. गहिनीला मिसरूड फुटलं, तो नोकरीला लागला, तरी जेवायला बसला की ही जाता-येता त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि तो वैतागून खांदा झटकायचा.

तिसगावहून मढीकडे निघालं की डाव्या अंगाला एक माळ चढत जातो. त्याच्या माथ्यावर ही वस्ती. साळूबाईचं घर, तिचा दीर कारभारी याचं घर आणि दोन पडक्या भिंती, याला वस्ती म्हणायचं असेल तर म्हणावं. वरून खाली ओढ्यापर्यंत सरळसोट उतार आणि ओढ्यापलीकडे सडक. गहिनी जनावरांच्या दवाखान्यात टोचणीवाला होता. लशीची पेटी सायकलला बांधून गावोगाव हिंडायचं आणि बैलांच्या लाथा खायच्या, असं ते काम. मिशनच्या शाळेतल्या दानीएल मास्तरांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली जुनी राजदूत गहिनीला दिली, आणि त्या उतारावरून पहिल्यांदा मोटारसायकल वर चढली.

त्या दिवशी गहिनीनं गाडी अंगणात चालूच ठेवली, आईचा हात धरून टाकीवर टेकवला आणि तिच्या कानात ओरडला, "आई, ऐकू येतंय का?"

टाकी तळव्याखाली थरथरत होती. मागच्या नळीतून निळा धूर निघत होता. साळूबाईनं चटका बसल्यासारखा हात काढला, परत ठेवला, आणि मग तोंडभर हसली.

"येतंय की रं! समदं येतंय!"

त्यानंतर संध्याकाळी गहिनी ओढा ओलांडून उताराला लागला की फळीवरची पितळी भांडी हलकेच थरथरायची. साळूबाई त्या फळीला हात लावून बसलेली असायची. थरथर आली की ती तवा चुलीवर टाकायची. कारभारी म्हणायचा, "आमच्या वहिनीला आमच्या आधी ऐकू येतं. कान आमालाच न्हाईत."

मग बहात्तर सालचा तो दुष्काळ आला. त्याच्याबद्दल काय सांगायचं, नगर जिल्ह्यात ज्यानं तो पाहिला त्याला सांगायची गरज नाही. गोठ्यावरचं पाचटाचं छप्परसुद्धा उपसून लोकांनी जनावरांना घातलं. साळूबाईनंही घातलं आणि तरी तिचे बैल छावणीत गेले ते परत आले नाहीत. गहिनी त्या वर्षी छावण्यांवरच असायचा. दिवसभर धूळ, मेलेली जनावरं आणि मरू घातलेली जनावरं. तो खोकायला लागला. सगळेच खोकत होते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पण साळूबाईनं एक दिवस भाकरी वाढता वाढता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली.

"तुज्या पाठीत कायतरी वाजतंय."

"धुळीनं वाजत असंल," तो तिच्या कानात ओरडला आणि ओरडताना त्याला ठसका लागला.

डॉक्टरांच्या आधी तिला कळलं होतं. ओल्या वाळूतून गाडीचं चाक जावं तसं काहीतरी त्याच्या पाठीत घरघरत होतं. पुढं नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीसमोर धरली आणि बोटानं दाखवलं. ते काय बोलले हे तिला ऐकू आलं नाही. तिनं पाहिला तो डाग. पांढुरका, खालून वर पसरत गेलेला. मग ठरलं की गहिनीला पुण्याकडच्या डोंगरावरल्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवायचं, बरा होईपर्यंत.

जायच्या दिवशी त्यानं गाडीतलं पेट्रोल काढून घेतलं, गाडी गोठ्यात बैलाच्या जागी नेऊन लावली, पुसली. मग आईच्या कानाशी तोंड नेलं.

"गाडीला जप, आई. पानी लागू दिऊ नको. एकदा का गंज चढला की मग गाडी कामातनं गेली. मी बरा होऊन आलो की ह्याच गाडीवरनं तुला मढीला न्हेतो, नाथाच्या देवळाच्या पायरीवर."

एवढंच तो बोलला. पण आईचं मन म्हणजे काय विचारता! तिनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं आणि त्याच्या शेजारी तो खिडकीतला डाग बांधला. लोखंडाला डाग पडला नाही तर पोराच्या छातीतला डागही जाईल, आणि इथं गंज चढला तर तिथं काही खरं नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिनंही ते कबूल केलं नसतं. पण तिच्या जिवाला ते पक्कं ठाऊक होतं आणि त्या दिवसापासून तिचा जीव त्या गाडीत अडकला.

आणि दुष्काळापाठच्या त्या साली पाऊस काय लागला! आमच्या दुष्काळी मुलखातली माणसं पावसाची वाट बघण्यात तरबेज, पण तो आला तर करायचं काय, हे कुणाला माहीत? आर्द्रा-पुनर्वसू नेमानं पडले तेव्हा लोकांनी हात जोडले. पुष्य लागलं आणि उघडीप म्हणून मिळेना, तेव्हा तीच माणसं कपाळाला हात लावून बसली. भिंती फुगल्या. मिठाच्या मडक्यात पाणी झालं. काडीपेटी उशाशी घेऊन झोपावं तरी सकाळी काडी ओढली की गुल नुसता चोळला जाई. गोठ्याचं पाचट तर जनावरांच्या पोटात गेलेलं. वर उरले होते नुसते वासे.

साळूबाईनं गाडीच्या दोन्ही चाकांखाली दगड सारले. वर घोंगडी टाकली. घोंगडी भिजून जड झाली तेव्हा तिनं ती काढून पिळली आणि आपली वाकळ टाकली. वाकळीवर पळसाची पानं, पानांवर पोती. गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली. दिवसातून किती वेळा ती पदर डोक्यावर घेऊन गोठ्यात जायची याचा पत्ता नाही. जायची, पोतं उचलायची, टाकीवरून, चाकाच्या तारांवरून, हँडलवरून तळवा फिरवायची. ओल लागली की पदरानं पुसायची. कारभारी आपल्या ओट्यावरून बघत बसलेला असायचा.

"वहिनी, तेवढं स्वतःला जपा. गाडी काय बाळंतीन हाय व्हय?" त्यानं हातवारे करून विचारलं.

"तुमाला काय कळतंय," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती बोलली की चार शेतं पलीकडे जायचं.

आश्लेषाच्या पावसात एका दुपारी असा वारा सुटला की गोठ्याचे दोन वासेच खाली आले. पोती उडाली, पानं उडाली, वाकळ चिखलात. साळूबाई धावत गेली तेव्हा गाडी उघडी पडली होती आणि तिच्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. कारभारीला बोलावून तिनं गाडी घराच्या उंबऱ्यापर्यंत ढकलत आणली आणि दोघांनी उचलून ती आत घेतली. घर केवढं, तर एका खणाचं. गाडी चुलीशेजारी बसली आणि साळूबाईचं अंथरूण दाराशी गेलं, जिथं वरून टपटप गळत होतं.

गाडी पुसताना तिला तो दिसला. मागच्या नळीच्या वळणावर, ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस. तिनं बोट लावलं. बोटाला तांबडं लागलं.

ती तशीच खाली बसली. बाहेर कारभारी काहीतरी बोलत होता, तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांपुढं खिडकीसमोर धरलेली काळी फिल्म होती.

आता इथं एक सांगायला पाहिजे. त्या घरात लोखंड कसं सांभाळायचं, ते साळूबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. सासऱ्याच्या हातचा विळा अजून घरात होता आणि त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. दर पावसाळ्याच्या तोंडाला विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं करडईच्या तेलानं माखायचं आणि चुलीवरच्या धुरात टांगायचं, ही घरची रीत. तेलसुद्धा कच्चं नाही, कढवून घ्यायचं. कढवलेलं करडईचं तेल लोखंडावर वाळलं की त्याची कातडी धरते. पाणी आत जात नाही. लोखंड शनीचं, म्हणून हे करायचं ते शनिवारी, आणि पहिला थेंब शिंगणापूरच्या दिशेनं सोडायचा. सासूनं साळूबाईला शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. विळ्या-कुऱ्हाडींच्या बाबतीत ही रीत अगदी बरोबर होती. फक्त विळ्याच्या पोटात काही नसतं, हे त्या रीतीला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दुष्काळात करडई कुठली आणि तेल कुठलं? बुधल्यात जे उरलं होतं ते तिनं गहिनी परत आल्यावर त्याच्या पानावर वाढायला म्हणून राखलं होतं. ती स्वतः कोरड्या भाजीवर दिवस काढत होती. शनिवारपर्यंतही ती थांबली नाही, तेवढी सवड तिला नव्हती. पहिला थेंब तेवढा शिंगणापूरकडे सोडला आणि त्याच दुपारी बुधला कढईत पालथा केला. तेल कढवलं. आधी तो तांबूस दाणा राखेनं घासघासून काढला आणि मग गाडीला न्हाऊ घातलं. टाकी, नळी, साखळी, चाकाच्या तारा एकेक करून. बाळाला लावावं तसं जिरवून लावलं. चुलीच्या उजेडात गाडी पिवळीधमक चमकायला लागली. तेव्हा कुठं तिचा जीव थोडा खाली पडला.

पण मग तिच्या मनात आलं, बाहेरून झालं, आतलं काय? पाणी तर आतही गेलं असणार. गहिनी गाडीच्या डोक्यावरचा तो पांढरा खुंटा पान्यानं काढून पुसायचा, हे तिनं हजारदा पाहिलं होतं. तिनं कारभारीला खूण केली. कारभारीनं डोकं खाजवलं, पण वहिनीपुढं त्याचं काय चालतंय! त्यानं प्लग खोलून दिला. आत काळोखं भोक होतं. साळूबाईनं त्यात कढवलेलं तेल ओतलं, ते गिळेनासं होईतोवर ओतलं. उरलेलं टाकीत ओतलं, नळीच्या तोंडात ओतलं. आजारी जनावराला बांबूच्या नाळीनं औषध पाजावं तसं तिनं त्या गाडीला तेल पाजलं, आणि वर हात जोडले.

बुधल्याच्या तोंडाशी साचून वाळलेलं तेल दर दिवाळीला खरवडताना तिची नखं तुटायची. ते तेल लाखेसारखं चिकटून बसायचं, राखेनंसुद्धा हलायचं नाही. हे तिला चांगलं माहीत होतं. पण माणसाचा जीव टांगणीला लागला की माहीत असलेलं वेळेवर आठवत नाही.

श्रावण सरता सरता दानीएल मास्तर काठी टेकत उतार चढून आले. त्यांना गहिनीची खुशाली हवी होती आणि खरं तर आपल्या जुन्या गाडीचीही. घरात चुलीशेजारी ती बघून त्यांनी हात जोडले. टाकीत तोंड दिसत होतं.

"साळूबाई, मीसुद्धा हिला इतकी चकचकीत कधी ठेवली नव्हती," ते तिच्या कानात म्हणाले.

ती हरखली. तिनं त्यांना सगळं सांगितलं, कढवलेलं तेल, बाहेरून, आतून. मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी वाकून टाकीला बोट लावलं. बोट जरा चिकटलं. मग त्यांनी गुडघा सांभाळत किकवर पाय ठेवला आणि दाबला. किक हललीच नाही. पुन्हा दाबला. दगडावर पाय ठेवावा तशी ती घट्ट. आतलं तेल आटून, चिकटून बसलं होतं आणि इंजिनाचा दट्ट्या त्यात गोंदात माशी अडकावी तसा अडकला होता. मास्तरांना ते तिथंच कळलं.

साळूबाई त्यांच्या ओठांकडे बघत उभी होती.

"हाय ना नीट? न्हाई ना गंज?"

मास्तरांनी घाम पुसला. खोटं बोलू नये असं ते जन्मभर मुलांना शिकवत आले होते.

"गंज नाही," ते तिच्या कानात म्हणाले. "कुठंच नाही."

हे काही खोटं नव्हतं. चहा न घेताच ते उतरून गेले.

गहिनी आला तो हस्ताच्या पावसात, नवरात्र बसल्यावर. कारभारी त्याला आणायला गेला होता. सडकेपासून गहिनी उसन्या बैलगाडीत बसून आला. साळूबाई अंगणात आली आणि बघतच राहिली. पोर भरलं होतं! गालांवर मांस आलं होतं, तोंडावर तकाकी होती. दवाखान्यात दूध-अंडी खाऊन आणि पडून राहून माणूस असा वर येतो, हे तिला कुठं माहीत? तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"बरा झालास! झालास ना बरा?"

गहिनीनं मान डोलावली. कारभारी बैल सोडायला वळला तो बराच वेळ वळलेलाच राहिला. दवाखान्यात डॉक्टर कारभारीला बाजूला घेऊन बोलले होते. औषधं लागू पडत नाहीत, दुसरी बाजूही धरली आहे, आता घरीच न्या, असं ते बोलणं होतं. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी शपथ गहिनीनं येताना वाटेत त्याला घातली होती.

साळूबाईला त्याला घरात न्यायची कोण घाई! तिनं गाडीवरची वाकळ ओढून काढली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि गहिनीला ते माहीत होतं.

"बघ. ठिपका असंल तर दाव."

त्यानं टाकीवर हात ठेवला. किकवर पाय ठेवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं सगळा भार टाकला आणि त्याला ढास लागली. पाठमोरा होऊन, भिंतीला धरून तो खोकत राहिला. साळूबाईला खोकला ऐकू येत नव्हता. त्याचे खांदे हलताना दिसत होते आणि तिला वाटलं, पोराला भरून आलं.

रुमाल घडी करून खिशात टाकल्यावर तो तिच्या कानाशी आला.

"लई झ्याक ठेवलीस, आई."

"मग चालू कर की."

"पेट्रोल न्हाई. खंडेनवमीला करू. पूजा करून."

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या लोखंडाची पूजा असते. विळे, कुऱ्हाडी धुऊन मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि जे चालतं ते चालवून दाखवायचं. त्या दिवशी गाडी घरात बसवून ठेवणं शक्यच नव्हतं. आदल्या दिवशी गहिनी घासलेट आणि फडकं घेऊन गाडीशी बसला. साखळी धुतली, चाकं मोकळी केली. इंजिनाला त्यानं हात लावला नाही. त्याला किकवरच कळलं होतं की ते आता लोहाराच्या भात्यापुढंही सुटायचं नाही. काम करता करता तो मधेच थांबायचा आणि त्या पिवळ्या, घट्ट वाळलेल्या तेलावरून अंगठा फिरवायचा. आईनं कोरडी भाजी खाल्ली होती, हे कारभारीनं त्याला सांगितलं होतं.

नवमीच्या सकाळी पावसानं जरा उसंत दिली. गाडी अंगणात निघाली. साळूबाईनं हँडलला झेंडूची माळ घातली, टाकीवर हळदीची बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं. दानीएल मास्तरही आले होते, ते एका कडेला काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. गहिनी गाडीवर बसला. त्यानं किकवर पाय ठेवून दाबल्यासारखं केलं, मूठ पिळली, मागं वळून आईकडे बघून हसला आणि पायानं जमीन रेटली. गाडी उताराला लागली. ती वेग घेत गेली, माळ उडत होती, शर्ट वाऱ्यानं फुगला होता. साळूबाईनं टाळ्या वाजवल्या.

मग तिचे हात थांबले. नळीतून धूर निघत नव्हता.

तिनं कारभारीकडे बघितलं. कारभारी जमिनीकडे बघत होता. तिनं मास्तरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तिनं पायातल्या वहाणा तिथंच टाकल्या आणि ती उतारावरून निघाली. चिखलात पाय सरकत होते, पण ती कुणाच्या आधाराला थांबली नाही.

ओढ्याच्या कडेला, जिथं उतार संपतो, तिथं गाडी उभी होती. गहिनी तिच्यावरच बसून होता, दोन्ही पाय चिखलात रोवून, डोकं हँडलवर टेकवून. आई आलेली कळल्यावर त्यानं डोकं वर केलं आणि पुन्हा हसला. ओठाच्या कोपऱ्यात लाल होतं.

साळूबाईनं टाकीवर तळवा ठेवला. टाकी गार होती. तळव्याला काहीच कळलं नाही.

तिनं तळवा उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. यावेळी गहिनीनं खांदा झटकला नाही. पाठ वरखाली होत होती आणि तिच्या आत ते होतं, तेच, ओल्या वाळूतलं चाक. आता ते एका बाजूला नव्हतं, पाठभर होतं.

तिला एका क्षणात दोन्ही कळलं. आपण गाडी मारली हे कळलं, आणि पोर बरं झालं नाही हेही. ती रडली नाही. खरं तर तिला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली, मला फसवायला निघालास म्हणून, आणि लगेच त्याला पोटाशी घ्यावंसं वाटलं, मला फसवायला निघालास म्हणूनच.

"चालू हाय ना गं?" त्यानं तिच्या कानात विचारलं. त्याचा आवाज आडाच्या तळातून आला.

तिचा हात त्याच्या पाठीवरच होता.

"व्हय," ती म्हणाली. "चालू हाय."

लुगडं खोचून ती त्याच्या मागं बसली. नाथाचा डोंगर समोर ढगात होता. दोघं मायलेक तशीच काही वेळ त्या जागच्या जागी उभ्या गाडीवर बसून राहिली. मग पाऊस आला. कारभारी आणि मास्तर खाली पोचले तेव्हा ती उतरली आणि म्हणाली, "तू बसून ऱ्हा. आमी लोटतो." आणि गहिनीला वर बसवून तिघांनी ती गाडी माळावर चढवली. सगळ्यात मागं साळूबाईच होती, कॅरिअरला खांदा देऊन.

गहिनी संक्रांतीच्या आधी गेला. तोवर ती त्याच्या पाठीवर हात ठेवून झोपत होती. पहाटे हाताला पाठ गार लागली तेव्हा तिनं कुणाला उठवलं नाही. उजाडेपर्यंत तशीच पडून राहिली.

पुढच्या वर्षी पावसाची चिन्हं दिसू लागल्यावर तिनं ती गाडी घरातून बाहेर काढली आणि उघड्या अंगणात उभी केली. कारभारीनं ताडपत्री आणली तर तिनं ती काढून त्याच्या अंगावर टाकली.

"गंजू द्या तिला. काय राखायचंय आता?"

पाऊस पडला. त्या साली काही फार नाही, पण पडला. साळूबाई रोज दारात बसून गाडीकडे बघायची. पाणी टाकीवर पडायचं आणि थेंब थेंब होऊन घरंगळून जायचं. एकदा ती राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसली, दुपारभर ते तेल खरवडत राहिली, नखं तुटली. वाळलेलं तेल हललं नाही. जिवापाड लावलेलं होतं ते. श्रावण गेला, भादवा गेला, खंडेनवमी आली. येणारे-जाणारे सडकेवरून बघायचे, माळावर काहीतरी पिवळं चमकताना दिसायचं.

त्याही वर्षी गाडीला गंज चढला नाही.